शिशाचा डबा आणि पारबताबाईंचा गुडघा

आमच्या डिपार्टमेंटचं औषध दर सहा तासांनी निम्मं होतं. किस्से मात्र कमी व्हायचं नाव घेत नाहीत! एक सांगायला बसावं तर मध्येच दुसरा आठवतो, तिसऱ्याची कोणीतरी आठवण करून देतं, आणि शेवटी घरचे म्हणतात, "पुरे आता, जेवायचं आहे."

डिपार्टमेंट न्यूक्लिअर मेडिसिनचं. चंद्रपुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं. मी तिथली टेक्नॉलॉजिस्ट. आमचं काम सांगायला सोपं आहे. अतिशय बारीक कण घ्यायचे, इतके बारीक की त्यांना नॅनो म्हणतात. त्यांना किरणोत्सारी पदार्थाचं लेबल लावायचं आणि पेशंटच्या शिरेत सोडायचे. अंगात जिथं सूज असेल, जंतूंनी घर केलं असेल, तिथं ते जाऊन जमतात आणि आमच्या कॅमेऱ्यात ती जागा उजळते. हे मी माझ्या सासूबाईंना निदान वीस वेळा सांगितलं असेल. त्या अजून पाहुण्यांना सांगतात, "सून एक्स-रे काढते."

आम्ही चौघं. डॉक्टर आपटे पुण्याचे, हिशेबाला पक्के. दोन तास म्हणाले की एकशेवीस मिनिटं, एकशेएकविसाव्या मिनिटाला त्यांचा चेहरा उतरतो. शंकरभाऊ मडावी ड्रायव्हर, रोज सकाळी नागपूरहून औषधाचा शिशाचा डबा घेऊन येतात. शेवंतामावशी झाडलोट करतात आणि आम्हा सगळ्यांना रागावतात. चौथी मी.

आणि या सगळ्या किश्शांच्या मधोमध एक गुडघा आहे. पारबताबाईंचा, उजवा. तो वाकेल की नाही, याची दोन-तीन महिने आम्हाला जितकी काळजी होती तितकी आमच्या स्वतःच्या गुडघ्यांचीही नव्हती. त्याचं सांगतेच, पण आधी डबा.

* * *

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हाची गोष्ट. नागपूरकडून येणारी प्रत्येक गाडी वरोऱ्याच्या अलीकडं थांबायची. पोलीस डिकी उघडायचे, सीटखाली हात घालायचे. एक दिवस शंकरभाऊंची गाडी एका नव्या हवालदाराच्या हाती लागली.

"डब्ब्यात काय हाये?"

"दवाई हाये, साहेब."

"सगळे दवाईच म्हनतेत. उघड."

शंकरभाऊ म्हणाले, "उघडा ना. मी तिकडं त्या मोहाच्या झाडामागं उभा राह्यतो. झालं की आवाज द्या."

हवालदाराचा हात थांबला. मग त्याला डब्यावरचं पिवळं चिन्ह दिसलं. त्यानं कागद मागितले, उलटेसुलटे पाहिले, डबा हलवून पाहिला. डबा हलेना.

"येवढं वजन?"

"शिसं हाये. अन् जरा लवकर करा साहेब, सहा घंट्यात दवाई अर्धी होते."

"अर्धी होते? कोन पेते?"

"कोनी नाई पेत. आपोआपच कमी होते. कागदावर लिवलं हाये पाहा."

हवालदारानं तो कागद पुन्हा वाचला. या वेळी नीट, बोट ठेवून. मग शेजारच्या शिपायाला म्हणाला, "पाह्यलं? पकडलेल्या मालाचं पण असंच होते. साहेबाले पटतच नाई!"

गाडी सुटली. जायच्या आधी मात्र त्यानं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

* * *

पारबताबाई आल्या त्या होळीनंतर, सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातून. पन्नाशीच्या, काटक. दोन बायकांच्या खांद्यांवर हात ठेवून आत आल्या. तिकडं धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बायकांच्या टोळ्या असतात. पंधरा बायकांची एक टोळी पारबताबाईंची. चिखलानं भरलेल्या बांधीत, भाताच्या त्या खाचरात, त्या पुढं असायच्या, त्यांच्या चालीनं बाकीच्या चौदा. पण संधिवातानं गुडघा असा धरला की दोन वर्षं त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून होत्या. गोळ्या झाल्या, साधी इंजेक्शनं झाली, लेप झाले, एका बाबानं मंत्रून दिलेलं तेल झालं. आम्ही स्कॅन केला तर पडद्यावर बाकी सगळी बाई अंधारात आणि गुडघा दिव्यासारखा लख्ख!

डॉक्टरांनी त्यांना नवीन उपचार सुचवला. फोटो काढायचे कण वेगळे आणि हे वेगळे. हे थेट सांध्यात सोडायचे. तिथंच बसून ते सुजलेलं अस्तर हळूहळू जाळून टाकतात. आमच्या डिपार्टमेंटमध्ये हे आधी कोणावर केलेलं नव्हतं. पहिला गुडघा हाच असणार होता.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि पुणेरी शांतपणानं समजावू लागले. "हे कण किती सूक्ष्म असतात, सांगू? तुमच्या डोक्यावरचा एक केस घेतला ना, तर त्याच्या जाडीत असे कितीतरी कण शेजारी शेजारी मावतील."

नेमके तेव्हाच शंकरभाऊ शिशाचा डबा दोन्ही हातांत धरून, धापा टाकत समोरून गेले. पारबताबाईंनी डबा पाहिला. मग स्वतःचा गुडघा पाहिला.

"येवढुशा दवाईले येवढा मोठ्ठा डब्बा," त्या म्हणाल्या, "अन् माज्या येवढ्या मोठ्या गुडग्याले येवढुशी दवाई?"

डॉक्टर हसले. मग प्रामाणिकपणे म्हणाले की गॅरंटी नाही. गुण आलाच तर दोन-तीन महिन्यांनी येईल.

"मंग रोवण्याच्या आधी द्या," बाई म्हणाल्या. "टोळीतल्या बाया वच्छलेले पुढं करू म्हनून राह्यल्या. यंदा मी बांधीत नाई उतरली तं टोळी तिची. धुऱ्यावर बसलेल्या बाईले कोनी काई इचारत नाई, साहेब."

वच्छला म्हणजे त्यांच्या डाव्या हाताखाली उभी असलेली बाई. ती जमिनीकडं पाहत होती. माझं माहेर चामोर्शीचं, माझ्या आईनंही रोवणीत कंबर मोडून घेतली आहे. तो गुडघा त्या दिवसापासून मला नुसता पेशंटचा राहिला नाही.

* * *

इंजेक्शन दिलं की फोटोसाठी दोन तास थांबावं लागतं. आम्ही पेशंटला बाकावर बसवतो आणि सांगतो, इथून हलू नका. गडचिरोलीकडचे एक आजोबा आले होते. पायाला बरी न होणारी जखम, सोबत मुलगा. डॉक्टरांनी घड्याळ दाखवून बजावलं. आजोबांनी मान हलवली.

दोन तासांनी बाक रिकामा!

शेवंतामावशी म्हणाल्या, "अवो, येवढ्या दुरून चंद्रपूरले आलेला मानूस महाकालीचं दर्शन घेतल्याबिगर राह्यते काय?" अगदी खरं होतं. फक्त आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

औषध उतरत चाललेलं, डॉक्टरांचा जीव घड्याळात. त्यांनी शंकरभाऊंना पिटाळलं. नेमका मंगळवार, देवळात गर्दी. शंकरभाऊंना आजोबांचा चेहरा आठवेना. पण जाताना त्यांनी एक शहाणपणा केला होता. रेडिएशन मोजायचं आमचं हातातलं मीटर सोबत नेलं होतं. ते सुरू करून शंकरभाऊ रांगेच्या कडेकडेनं निघाले. नारळ घेतलेल्या बायका, कडेवरची पोरं, सगळं शांत. आणि एका जागी मीटर टिकटिक करायला लागलं. आजोबा! हातात हार, तोंडात पान.

त्यांना घेऊन शंकरभाऊ परत निघाले तर रांगेच्या शेवटाला मीटर पुन्हा वाजलं. तिथं आमच्याच एक पेशंट बाई उभ्या. त्यांना आम्ही कँटीनमध्ये बसवलंय असा आमचा समज होता.

एक हरवला होता, दोन सापडले!

दोघांच्याही औषधाचा डोस इतका कमी असतो की रांगेत कोणाला काही व्हायचं कारण नव्हतं, पण नियम तो नियम. त्या दिवसापासून डॉक्टरांनी वेळापत्रकच बदललं. आधी दर्शन, मग इंजेक्शन.

* * *

एक वनरक्षक आले होते, मेश्राम नावाचे. अस्वलानं मांडी फाडली होती, हाड मोडलं होतं, आत रॉड बसवलेला. वर्षानं पुन्हा दुखायला लागलं, बारीक ताप. रॉडपाशी जंतू शिरले असतील तर तो काढावा लागणार होता, नसतील तर उगाच पाय पुन्हा उघडायला नको. म्हणून स्कॅन.

मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि म्हटलं, "भाऊ, वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही."

"वीस मिन्टं?" मेश्राम म्हणाले. "अस्वलासमोर अर्धा घंटा मेल्यासारखा पडून होतो, बाई. श्वास पन नाई घेतला. तुमी चालू करा."

मी कॅमेरा खाली आणला. तो मोठा चौकोनी डोळा अगदी छातीपर्यंत येतो, मग नाकासमोरून सरकतो. मोटरचा घूं-घूं आवाज होतो. दोन मिनिटं झाली. पाच झाली. मी काचेतून पाहत होते. माणूस दगड! असा पेशंट मिळाला म्हणून मी खूश होते. तेवढ्यात त्यांचा आवाज आला. ओठ न हलवता, दबक्या आवाजात.

"बाई... अस्वलबी येवढं जवळ नव्हतं आलं!"

फोटो मात्र आमच्याकडचा आजवरचा सगळ्यात स्वच्छ. रॉडच्या खालच्या टोकाला एक ठिपका उजळलेला. रॉड वेळेवर निघाला, पाय वाचला. मेश्राम तो फोटो घेऊन गेले आणि फ्रेम करून ऑफिसात लावला. पाहुणे विचारतात, यात अस्वल कुठं आहे? ते ठिपक्यावर बोट ठेवतात.

* * *

पारबताबाईंचं इंजेक्शन वैशाखात झालं. गुडघ्यातलं पाणी काढलं, डॉक्टरांनी श्वास रोखून ते थेंबभर औषध आत सोडलं, आम्ही पाय सरळ ठेवून पट्टीत बांधला. आता दोन दिवस गुडघा वाकवायचा नाही. वाकला तर कण सांध्यातून निसटतात आणि केलेलं सगळं पाण्यात. म्हणून त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं. बाई पहिला दिवस निपचित पडून होत्या. टोळीतल्या बायका आल्या, गप्पा मारून गेल्या. सगळं छान.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. डोक्यावर टोपी, हातात केळी. त्यांना पाहिलं मात्र, पारबताबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि पाय पलंगावरून खाली सोडायला निघाल्या!

मी ओरडले. मावशी धावल्या. आम्ही दोघींनी मिळून पाय धरला.

"सोडा मले!" बाई पदराआडून म्हणाल्या. "भासरे आले! त्यायच्यासमोर पाय पसरून पडू काय?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं पलंगावर बसायचंही नाही, मग लोळणं तर दूरच. तीसेक वर्षं पाळलेला रिवाज बाई एका गुडघ्यासाठी मोडायला तयार नव्हत्या. डॉक्टर पळत आले. त्यांनी कणांचा आकार सांगितला, सांध्याचं अस्तर सांगितलं, वर्षभराचं नुकसान सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या आणि उठत होत्या.

शेवटी भासऱ्यांनाच कळलं. ते बिचारे दाराबाहेर गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग अर्धा तास असा कारभार चालला. ते भिंतीला सांगायचे, "तिले इचारा, दुखते काय?" मी तीन पावलं आत येऊन विचारायची. बाई पदरातून सांगायच्या, "त्यायले सांगा, नाई." मी तीन पावलं बाहेर. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं.

ते गेल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहिली आणि दारावर चिकटवली: "गुडघ्याच्या पेशंटच्या भासऱ्यांना ४८ तास प्रवेश नाही."

पुढं रेडिएशनच्या नियमांची तपासणी करायला मुंबईहून एक साहेब आले. त्यांनी सगळे डबे पाहिले, सगळी रजिस्टरं पाहिली. मग त्या पाटीसमोर थांबले. बराच वेळ थांबले.

"हे कुठल्या नियमावलीत आहे?"

"लोकल अमेंडमेंट आहे," डॉक्टर म्हणाले.

* * *

इंजेक्शननंतर आठवड्यानं पारबताबाईंचा फोन आला की गुडघा आणखी सुजला. डॉक्टर म्हणाले, होतं असं सुरुवातीला, थांबा. बाई थांबल्या. आम्हीही थांबलो. त्यानंतर फोनच नाही. आम्ही लावला तर बंद. महिन्याची तपासणी ठरली होती, त्या आल्या नाहीत. डॉक्टर रोज सकाळी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "सिंदेवाहीकडून काही?" आणि मी सहज सांगितल्यासारखं "नाही" म्हणायची.

त्या दिवसांत दुसऱ्याच एका गोष्टीनं डोकं उठवलं. स्कॅन झालेल्या पेशंटला आम्ही एक चिठ्ठी देतो: 'यांना आज किरणोत्सारी औषध दिले आहे. आजच्या दिवस लहान मुले व गर्भवती स्त्रियांनी जवळ बसू नये.' चामोर्शीचे एक रिटायर्ड मास्तर ही चिठ्ठी घेऊन एस.टी.त चढले. बाजाराचा दिवस, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मास्तर शिस्तीचे. त्यांनी चिठ्ठी कंडक्टरला दाखवली. कंडक्टरनं ती मोठ्यानं वाचली. 'किरणोत्सारी'च्या पुढचं कोणी ऐकलंच नाही!

मास्तर चामोर्शीपर्यंत मागच्या लांब सीटवर झोपून गेले. पायाशी पिशवी, डोक्याखाली टॉवेल. पुढच्या अर्ध्या बसमध्ये लोक एकमेकांच्या मांडीवर.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडं तीन माणसं आली. कोणालाच काही झालेलं नव्हतं. "इंजेक्शन नको बाई, नुसती चिठ्ठी द्या."

मी तिघांनाही हाकललं, लेक्चर दिलं. त्याच संध्याकाळी चामोर्शीहून माझ्या आईचा फोन.

"अवो बाई, पुढच्या आठवड्यात तुज्याकडं येऊन राह्यली. येताना ठीक हाये, पण जाताना लय गर्दी राह्यते. ते चिठ्ठी आपल्या घरच्या मानसाले भेटते काय?"

* * *

आम्ही सगळे छातीवर एक बॅज लावतो. कोणाच्या अंगावर किती रेडिएशन पडलं ते त्यात नोंदलं जातं. तीन महिन्यांनी बॅज तपासायला बाहेर जातात आणि रिपोर्ट येतो. आमचा रिपोर्ट नेहमी इतका कमी की वाचायलाही कंटाळा.

पावसाळ्याच्या तोंडावर रिपोर्टाऐवजी फोनच आला. पलीकडचा माणूस घाबरलेला. त्यानं आधी विचारलं, "मॅडम, आपण स्वतः बोलताय ना?"

मग एकेकाची तब्येत विचारली. केस गळतात का, उलट्या होतात का, भूक कशी आहे. आमच्या चौघांचेही आकडे असे आले होते की आम्ही फोनवर बोलतोय हेच त्याला नवल वाटत होतं.

दोन दिवस चौकशी चालली. डॉक्टर एक तर गुडघ्याच्या काळजीत, त्यात हे. त्यांनी भिंती मोजल्या, डबे मोजले, कुठंही गळती नाही. तिसऱ्या दिवशी शेवंतामावशी म्हणाल्या, "कोनते बॅज? ते बिल्ले? ते मी रोज सुटी झाली की नीट ठेवून देते ना. मागं एक हरवला तं डॉक्टर किती चिल्लावले होते!"

"कुठं ठेवता, मावशी?"

मावशींनी अभिमानानं दाखवलं. जिथं चोराचा हात जाणार नाही अशा, हॉस्पिटलमधल्या सगळ्यात मजबूत कपाटात. शिशाच्या. औषधाच्या बाटल्यांना टेकवून.

* * *

आषाढ सरत आला. रोवणी ऐन भरात, आणि पारबताबाईंचा पत्ता नाही. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "शंकरभाऊ, उद्या औषध नाही ना? आपण जाऊन येऊ. काय असेल ते पाहू." आदल्या आठवडाभरात त्यांनी त्या गुडघ्याची फाइल इतक्या वेळा उघडली होती की कोपरे वळले होते.

गावात शिरलो तर हातपंपाशीच एक गृहस्थ भेटले. डोक्यावर पाण्यानं भरलेला एक गुंड, कमरेला दुसरा. शंकरभाऊंनी पारबताबाईंचं घर विचारलं. ते त्यांचेच यजमान निघाले, डोमाजी. राईस मिलमध्ये कामाला, म्हणून हॉस्पिटलात कधी आले नव्हते.

डॉक्टरांनी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"काईच फरक नाई, साहेब," डोमाजींनी गुंड खाली ठेवले. "पाऊल उचलत नाई तिचं. दोन साल झाले, पानी मीच भरून राह्यलो. झाडझूड मी, सकाळचा चहा मी. बसल्या जागी कप देतो हातात. रातभर कन्हते बिचारी."

डॉक्टरांचा चेहरा मला पाहवेना. त्यांनी विचारलं, "आत आहेत का?"

"नाई, टोळीसंग गेली ना. धुऱ्यावर बसते अन् तिथून सांगते. ऑटोत बसवून नेतात बाया, ऑटोतच आनून सोडतात. घरी बसून तरी काय करन?"

आम्ही बांधीकडं निघालो. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, बाईंना काय सांगायचं. पहिलाच प्रयत्न होता, पुन्हा करून पाहू, असलं काहीतरी.

गाडी थांबली. समोर पाण्यानं भरलेली बांधी आणि तिच्यात वाकलेल्या पाठी. मी धुऱ्यावर नजर टाकली. एका टोकाला चपलांचा ढीग होता, पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या होत्या. बसलेलं कोणी नव्हतं.

"मोजा," डॉक्टर हळूच म्हणाले.

शंकरभाऊंनी मोजल्या. पंधरा.

पुढं, सगळ्यांच्या पुढं, चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतलेले पाय उचलत एक बाई रोवणीच्या रीतीनं मागं मागं सरकत होती आणि हात थांबत नव्हता. वच्छला तिच्यापासून तिसरी. पंधरापैकी कोणीतरी आम्हाला पाहिलं आणि कुजबुज झाली. पुढची बाई ताठ उभी राहिली. मग चिखल तुडवत आली आणि कोणाचाही हात न धरता धुऱ्यावर चढली. आधी उजवा पाय!

डॉक्टर तिथंच उकिडवे बसले आणि चिखलानं माखलेला तो गुडघा दोन्ही हातांनी चाचपू लागले. सूज नव्हती. त्यांनी वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. त्यात लाजायचं काय?

"बाई, मग तपासणीला का नाही आलात?" शेवटी डॉक्टरांनी विचारलं. "फोन बंद. आम्ही किती काळजीत होतो!"

"तुमच्या फोटोत सगळंच दिसते म्हनता ना तुमी?"

"हो, दिसतं."

"अन् फोटो पाहाले आमचा बुढा संग येतो म्हनते. मंग काऊन येऊ?"

डॉक्टरांना कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पारबताबाई नाल्याकडं हात करून म्हणाल्या, "घरी जाच्या आधी तिथी पाय धुते. ऑटोतून उतरली की लंगडते. सवय झाली आता."

"पण का?"

"साहेब, एकतीस साल मी पानी भरलं. तो दोन सालापासून भरून राह्यला." त्यांनी हाताचा चिखल झटकला. "अन् आता चहाबी बरा कराले लागला."

मागून खसखस पिकली. वच्छला चिखलातूनच ओरडली, "आमी कोनीच नाई फुटलो, साहेब! नवऱ्यालेबी नाई सांगतलं!"

डॉक्टरांनी बाईंना कबूल केलं की फोटो काढू, पण तो आमच्याकडंच राहील. पारबताबाई पुन्हा बांधीत उतरल्या. त्या पुढं झाल्या आणि चौदाजणी त्यांच्या चालीनं मागं.

परतीचा रस्ता गावातूनच होता. हातपंपाशी डोमाजी उभे होते, बहुतेक दुसऱ्या खेपेला. गाडी पाहून त्यांनी हात केला. शंकरभाऊंनी ब्रेक लावला.

"भेटली काय, साहेब?" डोमाजींनी काचेतून वाकून विचारलं. "अजून किती दिवस लागन?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. त्या दोन भरलेल्या गुंडांकडं नीट पाहिलं आणि चष्मा पुन्हा घातला.

"तीन वर्षं," ते म्हणाले. "कमीत कमी."